मोहरीला उठवायचं की नाही

चारूचा एक डोळा मिटलाय. दुसरा मिटत नाही, कारण समोरच्या खाटेवर मांजराचे पंजे चालू झालेत.

एप्रिलची दुपार आहे. पंखा फिरतोय, पण वारा खाटेपर्यंत पोचायच्या आतच गरम होतोय. खोलीत दोन खाटा आहेत आणि मधे दीड हाताची जागा. अलीकडच्या खाटेवर चारू, म्हणजे चारुशीला टिपणीस, वय वर्षं सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. पलीकडची खाट तिच्या थोरल्या बहिणीची, अक्काची. अक्का नोव्हेंबरात गेली. गादीत तिच्या पाठीचा खळगा अजून आहे आणि त्यात रोज दुपारी मोहरी झोपते. पांढऱ्या अंगावर काळे बारीक ठिपके, म्हणून मोहरी.

मोहरीच्या मिशा थरथरतात. ओठ मागे जातो, घशातून अर्धवट आवाज निघतो, दार करकरावं तसा. आधी उजवा पंजा, मग दोन्ही.

"झालं सुरू," चारू पुटपुटते. "आता हिला उठवायचं की नाही?"

"नाही," अक्का म्हणते.

अक्का स्वतःच्याच खाटेच्या कडेवर बसलेली आहे. घरातला फिका गाऊन, कपाळावर चढवलेला चष्मा. मांजराला धक्का लागू नये म्हणून ती अगदी टोकाला बसलीय, आता घसरेल की काय अशी.

चारूला आश्चर्य वाटत नाही. तिला राग येतो.

"पाच महिन्यांनी तोंड दाखवलंस आणि पहिला शब्द काय, तर नाही."

"मग दुसरं काय म्हणू? पंजे हलतायत, मिशा हलतायत, म्हणजे स्वप्न पडतंय. अशा वेळी उठवायचं नाही. किती वेळा सांगितलं तुला?"

"बावीस वर्षं सांगितलंस. तीन मांजरं झाली तेवढ्यात."

"तरी विचारतेसच."

"मधे विचारायचं सोडलं होतं," चारू म्हणते. "म्हणून तर सगळा घोळ झाला."

अक्का कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. एकतीस वर्षं शिकवलं, आणि घरी आल्यावर चारूला शिकवलं. प्रत्येक मांजराच्या झोपेची ती वहीत नोंद ठेवायची: वेळ, कोणता पंजा, किती मिनिटं. दुपारी दीड ते पावणेतीन ती स्वतः झोपायची आणि तिलाही उठवायचं नाही, असा घरचा कायदा होता. गॅसवाला येवो नाहीतर कलेक्टर येवो.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी चारू चष्म्याचं घर शोधायला खोलीत आली. अक्का कुशीवर झोपली होती. उजव्या हाताची बोटं चादरीवर टपटप उडत होती, ओठ हलत होते. चारूला हसू आलं. हुबेहूब मोहरी! तिने दार हलकेच लोटलं, स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं: 'अक्का. स्वप्न. २.१०. उजवा पंजा.' चहाच्या वेळी चिडवायचं म्हणून. तीन वाजता चहा घेऊन गेली तेव्हा हात गार होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. चारूने त्यांना बोटांचं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

"नोंद बरोबर होती," अक्का म्हणते. "उजवाच होता."

"तू वाचलंस ते?"

"वेळही बरोबर. घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे आपलं, पण ते चालायचं."

चारू उठून बसते. तिचे पाय जमिनीला लागतात तेव्हा जमीन थंडगार शहाबादी फरशीची असते. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात. दोन खाटांच्या जागी लांबलचक काळं टेबल आहे, त्यावर काचेच्या बरण्या, आणि बरण्यांच्या मधोमध मोहरी तशीच कुशीवर झोपलेली, पंजे तसेच चालू. अक्का टेबलाच्या टोकाला मुलांच्या जर्नल्स तपासतेय. लाल पेन. प्रत्येक पानावर एक फुली.

"मला एकच सांग," चारू म्हणते. "उठवायला हवं होतं का?"

"कुणाला?"

"मुद्दाम करतेस ना?"

"प्रश्न अर्धा विचारायचा नाही. उत्तरही अर्धंच मिळतं."

"तुला! त्या दिवशी तुला मी उठवायला हवं होतं का?"

अक्का पेनाचं टोपण लावते. चष्मा डोळ्यांवर घेते. तीस मुलांच्या वर्गाकडे बघावं तसं एकट्या चारूकडे बघते.

"माहीत नाही."

"मेलीस तरी माहीत नाही?"

"मेल्यावर कुणी पेपर फोडून देत नाही, चारू."

"अगं, पण तू तिथे होतीस!"

"झोपले होते मी. तू जागी होतीस. साक्षीदार तू." अक्का पुढची जर्नल ओढते. "उठवलं असतंस तर काय झालं असतं हे बघायला दोन अक्का लागतील. एक उठवलेली, एक न उठवलेली. मग दोघींची तुलना."

"एकच पुरे होती. दोघी मला झेपल्या नसत्या."

"तेच म्हणतेय. एकच होती. म्हणून निष्कर्ष नाही."

चारूला वाटतं, समोरची बरणी उचलून आपटावी. पाच महिने ती दुपारी डोळा लागू देत नव्हती. या खाटेवर पडून त्या खाटेवरच्या मांजराचे पंजे बघायचे, आणि हात अर्धा पुढे करून मागे घ्यायचा. एवढ्या दिवसांत तिला कुणीतरी हवं होतं, जे म्हणेल हो, चुकलीस, किंवा नाही, तुझं काही चुकलं नाही. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. आणि आली कोण, तर ही.

"तुझ्यापेक्षा भिंत बरी," ती म्हणते. "भिंत निदान लाल पेन घेऊन बसत नाही."

"मग भिंतीला विचार."

"विचारलं. तीही तुझ्यासारखीच."

अक्का हसते. तिच्या मागे फळा नाही, फलाट क्रमांक तीन आहे. एसटी उभी आहे, इंजिन धडधडतंय, आणि टेबल म्हणजे स्टँडवरचा सिमेंटचा बाक आहे. बाकावर मोहरी. कोणी भेळेचा कागद तिच्याजवळ टाकून गेलंय, तरी तिला जाग नाही.

"उठवण्याचं नाही सांगता येत," अक्का म्हणते. "पण स्वप्न काय पडलं होतं ते सांगू शकते. ते मला माहीत आहे."

चारूला ते हवं आहे आणि नकोही आहे.

"हीच गाडी होती. कोयनानगरची. तू मागे राहिली होतीस, चपलेचा अंगठा तुटला होता तुझा. फरफटत येत होतीस. मी डाव्या हाताने दांडा धरला होता. कंडक्टर म्हणत होता, बाई, आत व्हा नाहीतर खाली उतरा. मी म्हटलं, थांबा हो, बहीण येतेय माझी. आणि तुला बोलवत होते." अक्का उजवा हात पुढे करते. तळवा खाली, बोटं टपटप हलतात. ये. ये. ये लवकर.

चारू त्या बोटांकडे बघत राहते. चादरीवर उडत होती तीच बोटं.

"म्हणजे तू मला बोलवत होतीस."

"हो."

"आणि मी हसले. दार लोटून घेतलं!"

"स्वप्नातल्या तुला बोलवत होते. दारातल्या तुला नव्हे. दोन्हींत फरक आहे."

"चुलीत गेला तुझा फरक!"

स्टँडवरचे दोघंतिघं वळून बघतात. चारूला पर्वा नाही. बाकावर मोहरीचे पंजे आता जोरात चालतायत, मागचे पायही ताणले जातायत. घशातला आवाज वाढतो. ती कुणाच्या मागे धावतेय की कुणी तिच्या मागे, हे बाहेरून कळायला काहीही मार्ग नाही. बाहेरून ते सारखंच दिसतं.

चारू हात पुढे करते.

"चारू, नको. चावेल ती."

"चावू दे."

"दचकेल गं. अर्धं राहील तिचं स्वप्न."

"राहू दे अर्धं. तिला काय परीक्षेला बसायचंय त्यावर?"

"बावीस वर्षं शिकवून—"

"बावीस वर्षं ऐकलं तुझं, अक्का! एकदा नाही ऐकत."

तिचा हात मोहरीच्या कुशीवर पडतो. कूस गरम आहे, आतलं काळीज भराभर उडतंय. "मोहरे," ती म्हणते. मग जोरात, "मोहरे, ऊठ! ऊठ म्हणते ना!" आणि दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवते.

मोहरी अख्खीच्या अख्खी उसळते. दात अंगठ्यात रुततात.

एसटी हलते. अक्का दांडा धरून पायरीवर उभी आहे, गाऊन वाऱ्याने फुगलाय. सांगितलं होतं, असं ती म्हणणार, हे चारूला पक्कं ठाऊक आहे. पण अक्का ओरडते, "नळाखाली धर! पाच मिनिटं! साबण लाव!" आणि गाडी वळते.

चारू खाटेवर बसलेली नाही. ती दोन खाटांच्या मधल्या जागेत गुडघ्यांवर आहे, पोटापासून वरचं अंग अक्काच्या गादीवर. नाकात चादरीचा सुती वास शिरलाय. पंखा फिरतोय. मोहरी खळग्यात नाही.

अंगठ्याच्या मुळाशी दोन भोकं आहेत. एक खोल, एक नुसतं टेकलेलं. खोल भोकातून रक्ताचा थेंब फुगून वर येतो, थोडा वेळ गोल राहतो आणि मनगटाकडे ओघळतो.

नळाशी जायला हवं. जाईल ती. आधी मान वर करून बघते.

मोहरी कपाटावर चढून बसलीय. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली, कान मागे. अशा अपमानाची तिला आयुष्यात कल्पना नव्हती. ती चारूकडे बघून लांबलचक गुरगुरते.

"रागाव," चारू म्हणते. तिचा आवाज बसलेला आहे. "हवी तेवढी रागाव."

मोहरी गुरगुरायची थांबत नाही. तिचे डोळे टक्क उघडे आहेत.