हजेरीत नसलेली पोरं

माझ्या बायकोच्या मामांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याविषयी चार बरे शब्द तोंडातून गेले तरी कुणाचा गैरसमज नको. कुपवाडला एका भाड्याच्या वेल्डिंग मशिनवर सुरुवात करून मी आज लोखंडी गेट आणि ग्रिलचं स्वतःचं वर्कशॉप चालवतो. भंगारवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करून झाली आहे. कागद तीनदा वाचल्याशिवाय मी सही करत नाही आणि समोरचा ‘शेवटचं सांगतो’ म्हणाला की माझी खरी सुरुवात होते. अशा मला सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकाच माणसाने गंडवलं, आणि तेही एका प्लास्टिकच्या डबीत.

मामा लष्करी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि वाईला बहिणीच्या घराशेजारी राहायला आले. येताना जुनी सूक्ष्मदर्शक यंत्राची पेटी लष्करी कांबळ्यात गुंडाळून घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी घाटावरच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि पूजेला निघालेल्या गुरुजींना बोलावून दाखवला. “बघा गुरुजी, तीर्थात किती जनता हाय!” गुरुजी महिनाभर दुसऱ्या गल्लीतून जात होते. लोणच्याचा खार, भाच्याच्या कानातला मळ, जावयाच्या मिशीचा केस, यातलं काहीही त्या भिंगाखालून सुटलं नाही. शिवाय आवाज कवायतीच्या मैदानावरचा. हळू बोलणं त्यांना कुणी शिकवलंच नसावं. एकदा साताऱ्याच्या एसटी स्टँडवर, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी मला विचारलं, “जावई, लघवीला जळजळ हाय का?” बाकावरचे चारपाच जण माझ्यासाठी सरकून बसले.

त्यांच्या दारात पहारा असे. कडी वाजली की आतून आवाज येई, “कोण? ओळख द्या!” रोजच्या दूधवाल्यालासुद्धा नाव, गाव आणि काम सांगावं लागे. मामांचं म्हणणं असं की माणसाच्या रक्तात पहारेकरी असतात. लहानपणी त्यांना एकदा सगळ्या शरीराची हजेरी घेऊन दाखवतात, हा आपला, हाही आपला. त्यानंतर जो नवा दिसेल तो चोर. “माझं दार तरी येगळं कसं आसंल?” असं ते विचारायचे आणि मी मनात म्हणायचो, या माणसाला निवृत्ती फार लवकर दिली.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही. तपासण्या बायकोच्या, औषधं बायकोला, उपास बायकोचे. हळदीकुंकवाला ओटी भरताना बायका तिच्यापाशी येऊन थांबायच्या आणि पुढच्या बाईकडे वळायच्या. तिच्या बाजूने मी एक शब्द बोललो नाही. माझा हिशेब साधा होता, माल परत आला की दोष दुसऱ्याच्या मशिनात शोधायचा. शेवटी माझ्या आईने बैठक ठरवली. तिला कायमची माहेरी पाठवायची आणि माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायची, एवढं एका रविवारी पाच वाजता पक्कं होणार होतं.

त्या रविवारी सकाळीच मामा कांबळ्यातली पेटी घेऊन वर्कशॉपमध्ये हजर. प्लास्टिकची डबी पुढे करून म्हणाले, “पोरीची फाईल बंद करायची तर नवऱ्याचा नमुना लागतो. फॉर्मालिटी हाय वो, सहीसारखी.” मी घासाघीस केली, एकदाच देणार, दुसऱ्यांदा मागायचं नाही. “एकच द्या, पुरं,” म्हणाले. इतक्या सहज कबूल होणाऱ्या माणसावर मी एरवी कधी विश्वास ठेवला नसता.

पाऊण तासाने त्यांनी केबिनच्या खिडकीत यंत्र मांडलं, आरशावर उन्हाची तिरीप धरली आणि मला डोळा लावायला सांगितलं.

“काय दिसतंय?”

“वळवळतंय.”

“म्हंजी फौज जित्ती हाय. आता नीट बघा. सुटी किती पळत्यात आन् एकमेकाला चिकटून किती बसल्यात?”

चिकटलेलीच जास्त होती. गठ्ठेच्या गठ्ठे, नुसते जागच्या जागी थरथरत होते.

“आसं हाय जावई,” मामा म्हणाले, आणि पलीकडचा ग्राइंडर आपोआप बंद पडला, कारण कामगारांनाही ऐकायचं होतं. “ही पोरं मिसरूड फुटायच्या वयात जल्माला येत्यात. तवर हजेरी होऊन गेल्याली आसती. मग पहारेकऱ्यानं वळकायची कशी? म्हणून त्यांच्या बराकीभवती पक्का कूड घातल्याला आसतो. आन् आत जे पहारेकरी ठेवल्यात, त्यांना हुकूम हाय, हितं बंदूक खांद्यावरनं काढायची न्हाई. परका दिसला तरी सोसायचं. पर कूड फुटला, की भाईरचे घुसत्यात आन् घरच्याच पोरांना चोर म्हणून बेड्या घालत्यात. ह्या बेड्या आसाव्यात. पक्कं सांगलीच्या दवाखान्यात कळंल. मला येवढंच सांगा, कूड कुणी फोडला?”

मी ‘कुणी नाही’ म्हणालो. मामांनी भिंगाकडे बोट केलं. त्या बोटापुढे सतरा वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट बाहेर आली. मी एकोणीस वर्षांचा असताना वडिलांनी मला बैल घ्यायला बाजारात पाठवलं होतं. आष्ट्याकडच्या एका म्हाताऱ्याशी मी तासभर घासत होतो, ‘मागच्या पायात दम नाही’ एवढ्या एका मुद्द्यावर. म्हातारा शेवटी म्हणाला, “दम बघायचाय तर जवळ जा की, गड्या.” मी गेलो. बैलाने दम दाखवला. धुळीतून उठून मी तो बैल पूर्ण भावाने घेतला, आयुष्यात एकदाच. घरी ताप आल्याचं सांगून पंधरा दिवस पडून राहिलो आणि सूज का आली ते कुणालाही कळू दिलं नाही.

मामा इतके हसले की टेबल हलून खिडकीवरचे नट खाली पडले. मग एकदम थांबले. “सात वर्सं ती पोर ऐकून घेतीया,” एवढंच बोलले, आणि तेही हळू.

मी ताबडतोब बोलणी सुरू केली. “मामा, वाईच्या घराला नवं गेट करून देतो. डिझाइन तुमचं. ही गोष्ट इथंच राहू दे.”

“माझ्या दाराला गेट कशाला? मी हाय की.” भिंगाखाली काय दिसलं ते त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून ती माझ्या खिशात घातली. “कागद तुमचा हाय. मी तोंड उघडणार न्हाई. बैठक पाच वाजता हाय.” आणि त्या माणसाने मला चक्क सलाम ठोकला.

पाच वाजता माझा मोठा चुलता पानसुपारी घेऊन बसला होता. मामा कोपऱ्यात ताठ बसून छताकडे बघत होते. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. चुलत्याने घसा साफ केला तेवढ्यात मी उठलो. बोलायची वाक्यं जुळवली होती, पण निघालं भलतंच.

“मला बैलानं लाथ मारली होती.”

आई घाबरून उठली. “आगं बया! कवा? आत्ता?”

“सतरा वर्षांपूर्वी.”

मग सगळं सांगितलं. बैठक मोडली, चहा निवला. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “आन् मला आज सांगताय?” मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंच्या तपासणीत मामांचं म्हणणं खरं निघालं. उपचार दोनदा फसले, तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. बारशाला मामांनी पाळण्यावर वाकून “ओळख द्या!” असं गरजून विचारलं. पोरीने इतक्या जोरात ओळख दिली की मामाच दोन पावलं मागे सरले.

गेल्या महिन्यात वाईला गेलो. कडी वाजवली. “कोण?” मी हसत नाव, गाव, काम सांगितलं. दार उघडलं. मामांनी उंबरा अडवून पुन्हा “कोण?” विचारलं आणि मला कळलं की आज कवायत नाही, ते खरंच विचारताहेत. भाचीचं नाव सांगितलं, बैलाची आठवण करून दिली, डबीचीसुद्धा. “हजेरीत नाव न्हाई तुमचं,” ते म्हणाले. मग उंबऱ्यातून बाजूला झाले. “पर आत या. उन्हाचं आलाय.” स्वतः पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन मी बाहेर आलो आणि तेव्हापासून माझा संताप उतरलेला नाही. ‘फॉर्मालिटी’ म्हणून डबी घेऊन मला फसवलं आहे. त्याचा कबुलीजबाब मला पाहिजे, तोंडावर, कवायतीच्या आवाजात, एसटी स्टँडवर दिला तरी चालेल. पण ज्याने फसवलं त्यालाच ते आठवत नाही. मग याचा जाब मला कोण देणार? कुणीतरी पुढे या आणि सांगा.