सासूबाईंची खाडीवरची जागा

घरातला एकच माणूस कादंबऱ्याही लिहितो आणि नगरसेवकही होतो, तेव्हा बायकोकडे किस्से साठणारच! मला अक्षर येत नाही, सगळे डोक्यातच ठेवते. म्हणून एकही हरवलेला नाही.

आमचे हे निवडणुकीला उभे राहिले ते सासूबाईंमुळे. न्हावा शेवा बंदराच्या ट्रकांसाठी रस्ता निघाला आणि खाडीकाठचं गावचं स्मशान त्या रस्त्याच्या नकाशात गेलं. सासऱ्यांना तिथंच अग्नी दिलेला. सासूबाई म्हणाल्या, "लय पुस्तकं लिवलीस. आता माजी जागा राख. मला त्यांच्याच बाजूला न्यायचं हाय!"

*

प्रचारात पहिल्याच दारी धर्माकाका आडवे.

"तुज्या पुस्तकातला बेवडा म्हंजे मीच ना?"

"नाही हो काका!"

"मग कोन? गावात दुसरा हाय कोन?"

मत मात्र दिलं. त्यांच्या थोरल्या मुलालाही त्याच स्मशानात नेलेलं.

*

निवडून आले. पालिकेच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "तिथे स्मशान होतं, याला कागद?"

आमच्या लोकांनी मढी जाळली, कागद कुठे केले! गावानं पुरावा म्हणून यांचीच कादंबरी टेबलावर ठेवली. सासऱ्यांच्या चितेचं अख्खं पान होतं त्यात. साहेबांनी वाचलं, डोळे पुसले. मग पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "यातील सर्व स्थळे काल्पनिक आहेत."

धर्माकाकांसारख्यांची भांडणं नकोत म्हणून ती ओळ यांनीच घातलेली!

*

पालिकेच्या सभेत स्मशान हलवून रस्ता काढायचा ठराव आला. पक्षाचा हुकूम, हात वर करा. यांनी केला.

घरी येऊन म्हणाले, "अडून बसलो असतो तर काहीच मिळालं नसतं. आता तिकडे नव्या वसाहतीच्या सेक्टरमध्ये नवं स्मशान देतायत. पत्र्याची शेड, लाईट, सगळं."

मी म्हटलं, "आईंना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

त्यांनीही सांगितलं नाही.

*

रस्त्याच्या भूमिपूजनाला नारळ यांच्याच हातात दिला. दोनदा आपटला, फुटेना. शेवटी कॉन्ट्रॅक्टरनं घेतला आणि एका फटक्यात फोडला. फोटोत मात्र हेच!

*

सासूबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी यांना जवळ बोलावलं.

"माजी जागा हाय ना रं?"

"हाय, आये. तुझी जागा हाय."

त्यांनी यांच्या तोंडाकडे बघितलं.

"ह्ये कोन बोलतंय? लिवनारा, का निवडून आलेला?"

हे त्यांची गोधडी सारखी करायला लागले.

सासूबाईंनी यांचा हात थोपटला. "जा, जेवून घे," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.