मुकादम सरांची वही आणि माझे कपाट

मुकादम सरांना मी प्रथम पाहिले ते संगमेश्वराजवळ, भाताच्या एका कुणग्याच्या, छोट्या खाचराच्या, बांधावर. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा काही शिक्षकांना पीककापणीच्या पाहणीला जुंपले होते. छापील तक्त्यातून सोडतीसारखे दोन आकडे उचलायचे, एकाइतकी पावले लांबीत, दुसऱ्याइतकी रुंदीत टाकायची आणि अशा चार जागांचा भात कापून, तोलून साऱ्या शेताचा अंदाज काढायचा. त्या दिवशी चारही जागा एकाच टोकाला आल्या. शेतकरी म्हणाला, "काय वो मास्तर, भात काय येकाच कोपऱ्यात पिकलाय?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

पुढच्या दिवाळीपर्यंत केळशीच्या खलाशी घराण्यातल्या या गणितशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, त्यावर उत्तर शोधले होते. लांबी आधी निम्म्यावर गाठायची, मग पाव हिश्श्यावर, मग पाऊण हिश्श्यावर. रुंदी मात्र तिसऱ्या हिश्श्यांनी, मग नवव्या. अशाने नवी जागा रिकाम्या भागातच पडते. खोलीसारखी तिसरी बाजू मोजायला आली तर पाचाचे हिस्से, चौथी आली तर साताचे.

हे इंग्रजीत उतरवून नियतकालिकाकडे धाडण्यासाठी त्यांनी वही माझ्याकडे दिली. माझ्या इंग्रजीचा तेव्हा गावात बोलबाला होता, आणि मलाही तो खरा वाटे. मी शहाणपणा पाजळला, "सर, हे आकडे तर आधीच ठरलेले. यात सोडतीची यदृच्छा कुठे आहे?"

"नाहीच आहे, बापू. मला सारखं वाटप हवंय," सर म्हणाले.

मला ते पटले नाही. तसे सांगण्याऐवजी मी वही कपाटात ठेवली आणि चार वर्षे "बघतो, बघतो" म्हणत राहिलो. मला विषमज्वर झाला तेव्हा दीड महिना माझे वर्ग सरांनीच घेतले. रोज संध्याकाळी पेज घेऊन येत, पण वहीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

यंदा एका मित्राने परदेशी नियतकालिक दाखवले. तीच युक्ती, दोन-तीन-पाचासकट, दुसऱ्याच्या नावावर. मी ते सरांकडे नेले. त्यांनी चष्मा पुसून सबंध वाचले आणि म्हणाले, "म्हणजे आपलं बरोबर होतं तर." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चहा पिऊन मी घरी आलो.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव अंकासाठी समितीने मला त्यांच्या संशोधनावर लिहायला सांगितले आहे. दाखवायला छापील पान एकही नाही, आणि त्याचे कारण मी आहे. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे; मला अजून वेळ हवा आहे. समोर बसून क्षमा मागण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही, म्हणून ती आधी इथे, सर्वांदेखत मागतो.