टोळीला इंग्रजीत काय म्हणतात

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्या हातात येतं, औषधाच्या डबीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत. मला ते सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे. तो मोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

गेल्या वर्षी कॉलेजच्या फलकावर एका ॲक्सिलरेटरची सूचना लागली. ज्यांच्या घरात आधी कुणी धंदा केला नाही, अशा नाशिकच्या वस्त्यांमधल्या मुलींना आणि बायकांना धंदा उभा करायला सहा महिने मदत मिळणार होती. बसायला टेबल आणि शिकवायला जाणती माणसं. मी सूचना तीनदा वाचली आणि घरी येऊन आईला सांगितली.

आई द्राक्षाच्या कामाची टोळी चालवते. आमच्याच कॉलनीतल्या पंधराएक बायका सकाळी पिकअपमध्ये बसून निफाड, पिंपळगावकडे जातात. कधी बागेत विरळणी, कधी खुडा, कधी पॅकहाउसमध्ये कात्रीनं घड साफ करायचे. काम ठेकेदार आणतो आणि कुठं, कधी जायचं तेही तोच ठरवतो. बागायतदारानं मोबाइलवर तारीख बघून थेट आईलाच बुक करावं, एवढीच माझी कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी मी आईला पिकअपपर्यंत सोडायला गेले, तर आत चर्चा झालीच.

“ॲक्सिलरेटर?” शेजारची मावशी म्हणाली. “तो तर डायवरच्या पायाखाली असतो ना?”

“आता हिच्या आईच्या पायाखाली येणार. धरून बसा गं!” मागून दुसरी ओरडली.

निवडीच्या दिवशी आई आणि मी नाशिकरोडच्या त्या हॉलमध्ये गेलो. वणीला जाताना नेसते ती साडी आई नेसली होती. मी आठवडाभर इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. समोर परीक्षक बसलेले दिसले आणि मधलं एक वाक्य डोक्यातून साफ गेलं. मग टोळीसाठी जो शब्द सुचला तो मी वापरला.

“माय मदर रन्स अ गँग,” मी म्हणाले. परीक्षक एकमेकांकडे बघू लागले, म्हणून आणखी समजावून सांगायला गेले, “ऑल विमेन कॅरी सीझर्स.”

मागच्या खुर्चीवरून आईचा आवाज आला, “गँग? अगं, आम्ही काय दरोडे घालतो का?”

हॉल असा हसला की चहा आणणारे काका दारातच थांबले. परीक्षकांमधल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “बाळा, मराठीत बोल. आम्हा सगळ्यांना येतं.” हे त्यांनी आधी कळवलं असतं तर माझी आठवडाभराची झोप वाचली असती.

मराठीत मला जरा बरं सांगता आलं. परीक्षकांत पिंपळगावचे एक पॅकहाउसवाले होते. त्यांनी विचारलं, “लय ॲप बघितले, पोरी. बुकिंग होतं, अन बायका येतच नाहीत. कॉलनीत हळद असली की अख्खी टोळी घरी. खरं का नाही, ताई?”

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “खरं हाय. हळद असली की आम्ही नाय येणार.”

मी मागं वळून तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“शेजारणीच्या पोरीला हळद लागायची अन आम्ही तुमचे घड कापत बसायचं का?” आई पुढं म्हणाली. “पण भाऊ, हळद काय रातोरात ठरत नाय. आम्हाला महिनाभर आधी माहीत असतं. विचारतंय कोण? ठेकेदार हो म्हणतो अन मोकळा होतो.”

तेव्हा मला सुचलं आणि मी अडखळत बोलून टाकलं: न येण्याचे दिवसही आपण मोबाइलवर आधीच दाखवायचे. पॅकहाउसवाले हसले. “आधीच नाही म्हणणारी टोळी पहिल्यांदाच बघतोय,” म्हणाले.

निकाल तिथंच सांगितला. कल्पना आवडली होती, पण जागा थोड्या होत्या. महिनाअखेरपर्यंत एक थेट गिऱ्हाईक आणलं तरच आमची जागा पक्की.

आणि जिन्यातच ते पॅकहाउसवाले मागून आले. “ताई, माझं पॅकिंग सुरू होतंय. या थेट माझ्याकडे.”

मी हो म्हणणारच होते.

“बायांना बाथरूम हाय का?” आईनं विचारलं.

“मागं मोकळंच आहे की सगळं.”

“मोकळं नको. दार पाहिजे.”

“बांधू, ताई.”

“बांधलं की फोन करा,” म्हणून आई जिना उतरलीसुद्धा.

रस्त्यावर येताच मी तिला गाठलं. “आई, गिऱ्हाईक चालून आलं होतं!”

“तू जाशील का मोकळ्यात?” आई म्हणाली. “ठेकेदाराला हे कधी विचारता आलं नाय. गिऱ्हाईक आपलं, तर विचारणार पण आपणच.”

ती बरोबर होती, पण त्यामुळे काळजी काही कमी झाली नाही. मी ओळखीच्या बागायतदारांना फोन केले. ठेकेदार नाराज होईल, असं ज्यानंत्यानं सांगितलं. महिना संपत आला. मी कॉलेजात वर्गातही मोबाइल मांडीवर ठेवून बसायचे.

शेवटी एका सकाळी फोन वाजला. आईचे हात भाकरीच्या पिठात होते, म्हणून मी स्पीकर लावला.

“ताई, बांधलं. वर पत्रा टाकला, दार बसवलं, नळपण दिलाय.”

मी स्वयंपाकघरात उडीच मारली. आईनं भाकरी उलटली.

“कडी?”

“काय?”

“दाराला आतून कडी हाय का?”

पलीकडे कुणालातरी हाक मारल्याचा आवाज आला, मग थोडी कुजबुज. “संध्याकाळपर्यंत लागते, ताई.”

“मग उद्या सकाळी येतो,” आई म्हणाली, आणि भरल्या हातानंच मला खूण केली, घाल म्हणून. मी मोबाइलवर आमचं पहिलं बुकिंग टाकलं. घाईत बोट पहिल्यांदा भलत्याच दिवसावर पडलं.