पोर्चचा दिवा मी बंद केला होता

अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या गल्लीत हॅलोविनचा एकच कायदा होता. ज्याच्या पोर्चचा दिवा चालू, त्याची बेल सोंगं घेतलेल्या मुलांनी चॉकलेट मागायला वाजवायची. ज्याचा बंद, त्याला त्रास द्यायचा नाही. दोन हजार आठ साली या कायद्याचा पुरेपूर फायदा घ्यायचं मी ठरवलं.

"या वर्षी एकदम लो-की करू," मी बायकोला म्हणालो. "दिवा बंद, पडदे बंद. घरातल्या घरात भोपळा कोरू आणि निवांत भुताचा सिनेमा बघू."

"बरं नाही का तुला?" तिनं विचारलं.

तिचा संशय रास्त होता. आदल्या वर्षी याच दिवशी पांढरी चादर पांघरून मी झुडपामागे लपलो होतो. पोरं घाबरली नाहीतच, पण शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं चादर पळवली आणि मी हाफ पँटमध्ये गल्लीभर तिच्यामागे धावलो. असा माणूस आपण होऊन निवांत बसू म्हणतो, तर बायको कपाळाला हात लावून बघणारच.

ताप नव्हता. त्या मंगळवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सकाळी साडेदहाला माझी नोकरी गेली होती आणि हे मी तिला सांगितलं नव्हतं.

सांगणार होतो. गाडीत वाक्यही तयार केलं होतं. पण घरी आलो तर पूजेची मांडणी झालेली. आमच्याकडे वह्या-बिह्या नाहीत, त्यामुळे दरवर्षी माझा ऑफिसचा लॅपटॉप चौरंगावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहायचं अशी पद्धत पडली होती. की-बोर्डच्या फटीतून ते कुंकू वर्षभर निघायचं. बायको हातात फूल घेऊन म्हणाली, "लॅपटॉप दे ना."

तो तर सकाळीच काढून घेतला होता. गळ्यातल्या बॅजसकट.

"ऑफिसात राहिला," मी म्हणालो. "अपग्रेड चाललंय."

तिनं माझं घड्याळ मागून घेतलं आणि त्यालाच फूल वाहिलं. त्यानंतर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. आमचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला. तिला तर इथे काम करायचीही परवानगी नव्हती. नोकरी गेली म्हणजे भाड्याचं घर, मुलीची बालवाडी, सगळंच उठलं. हे सगळं तिला माहीत होतं, म्हणूनच सांगायला जड जात होतं.

मग तीन दिवस मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि लायब्ररीत जाऊन बसायचो. बॅज नव्हता, तरी त्याची रिकामी दोरी खिशातून थोडी बाहेर दिसेल अशी ठेवायचो. दुपारी गाडीत, काचा बंद करून, पोळीभाजी खायची. परत आत गेलो की शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघायचे. मला वाटलं, यांनी ओळखलं. तिसऱ्या दिवशी कळलं, मेथीचा वास येत होता.

गोष्ट एवढ्यावर थांबती तर ठीक. पण आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझा एक मित्र राहायचा. मूळचा नागपूरचा, माझ्याच टीममधला. त्याची नोकरी वाचली होती. त्याची बायको बाळंतपणासाठी भारतात गेलेली, तो आणि त्याची चिमुरडी दोघंच इथे. त्यानं बुधवारी फोन केला.

"वहिनींना सांगितलं ना बे?"

"सांगितलं की! एकदम कूल आहे ती," मी म्हणालो. त्यानं आणखी चौकशी करू नये एवढाच हेतू. वर पुन्हा तिची तारीफही केली.

हॅलोविनला तो मुलीला घेऊन आमच्याकडे येणार हे ठरलेलं असायचं. म्हणून हा लो-कीचा सगळा घाट. दिवा बंद दिसला की तो पुढे जाईल, शनिवार-रविवार मिळेल, तेवढ्यात मी बायकोला नीट सांगेन.

संध्याकाळी पोर्चचा दिवा बंद केला. खात्रीसाठी बटणावर चिकटपट्टी लावली. भोपळा कोरायला घेतला तर त्याचा एक डोळा तोंडात विलीन झाला. बायकोनं आतला गर घारग्यांसाठी बाजूला काढला. पाच वर्षांची आमची लेक माझं उपरणं गुंडाळून भूत झाली होती आणि सोफ्यावर बसून राहिली होती.

"काय गं, बोलत का नाहीस?"

"बाबा, घोस्ट्स डोन्ट टॉक," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली.

"चुकून वाजवली असेल," मी म्हणालो. पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मी तणतणत दार उघडलं.

अख्खा पोर्च केशरी उजेडानं न्हाऊन निघाला होता. वर आमचा पुण्याहून सुटकेसमध्ये घडी करून आणलेला आकाशकंदील झळकत होता, झिरमिळ्या वाऱ्यावर उडत होत्या. बायकोनं दिवाळीच्या आधी तो गॅरेजमधल्या प्लगला टायमर लावून जोडला होता. साडेसहाला आपोआप लागायचा, साडेआठला विझायचा, आणि हे मी साफ विसरलो होतो. माझी चिकटपट्टी पोर्चच्या बटणावर होती, कंदिलाला तिचं काय? गल्लीतली सगळी पोरं भोपळे सोडून आमच्याकडे लोटली होती. एक सांगाडा वर बघत म्हणाला, "कूलेस्ट हाउस!"

घरात चॉकलेट एक नव्हतं. बायको मात्र खुलली. फराळाचे डबे दारात आणून छोट्या पिशव्यांत शंकरपाळे आणि चकल्या भरायला लागली. एका आईनं पिशवी उजेडात धरून निरखून पाहिली आणि गोड हसून पर्समध्ये टाकली. अनोळखी घरचं सुटं खाणं इथे मुलांना देत नाहीत; ती पिशवी कचऱ्यात जाणार हे मला कळलं. सांगाड्यानं मात्र तिथेच चकली मोडून खाल्ली. आमचं भूत आनंदानं उड्या मारत होतं. मलाही क्षणभर वाटून गेलं, चला, मजा आली.

आणि फाटकातून नागपूर आलं. हाताशी पंख लावलेली छोटी परी.

मी बायकोच्या मागून खुणा केल्या. भुवया, हात, मान, जे जे हलवता येतं ते सगळं हलवलं. मी हॅलोविनचं काहीतरी सोंग करतोय असं वाटून तो हसला. मग बायकोकडे वळून एकदम गंभीर झाला.

"वहिनी, तुम्ही खरंच ग्रेट आहात. हा म्हणाला मला, तुम्ही किती कूल राहिलात ते. दुसरा जॉब भेटून जाईल हो. काही लागलं तर हक्कानं सांगा."

बायकोचा हात चकलीच्या डब्यात होता. तो तिथेच राहिला.

"हो," ती म्हणाली. "सांगेन." तिनं परीच्या बादलीत दोन लाडू ठेवले, तिच्या गालाला हात लावला. मित्र निघून गेला. त्याला काहीच कळलं नाही.

"कधी?" तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

बेल वाजली. तिनं दोन चेटकिणींना शंकरपाळे दिले, "हॅपी हॅलोविन" म्हणाली.

"मंगळवारी," मी म्हणालो.

बेल. एक समुद्री चाचा, एक मधमाशी.

"म्हणजे लॅपटॉप..."

"हो."

बेल.

"आणि डबा? डबा कुठे खात होतास?"

"गाडीत."

मुलं येत राहिली, ती देत राहिली. चेहरा हसरा, आवाज गोड, आणि दार लागलं की काहीच नाही. मी म्हणालो, "टायमर बंद करतो."

"नको. मुलं येतायत."

शंकरपाळे संपले, चिवडा संपला. आमचं भूत सोफ्यावर उपरण्यासकट झोपून गेलं. साडेआठला बाहेर खट्ट झालं आणि कंदील आपोआप विझला. गल्लीच्या कायद्याप्रमाणे बेल थांबली.

तीन दिवस याच शांततेसाठी मी धडपडलो होतो. आता ती मिळाली होती, आणि मधे पडायला एखादी चेटकीणसुद्धा येणार नव्हती.

बायकोनं रिकामा डबा खाली ठेवला, माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"त्याला सांगितलंस तसं नको," ती म्हणाली. "खरं सांग. मंगळवारी सकाळपासून."