हिरव्या पहिलवानांचे रफीकचाचा

मले फायटिंग गेम खेळाले शिकवणारा माणूस आज सकाळी गेला.

रफीकचाचा. दिग्रसचे रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. बस स्टँडमागं त्यायचं दुकान अन् दुकानात एक व्हिडिओ गेमचं मशीन.

कापसाचं वाईट साल होतं ते. जिनिंग मिल बंद पडली की तिथले मोठे गडी बी येऊन बटनं बडवत.

गावात मयत असली की चाचा मशीन बंद ठेवत. "आज इथं कोणी मरणार नाही," म्हणत.

त्या साली मशीन लय दिवस बंद राह्यलं.

मी नववीत. साऱ्या पोट्ट्यायत एकटी पोरगी, अन् तोंडाले दम नाही.

"चाचा, सारे पहिलवान कपड्यात हायेत, मंग ह्या एकट्या बाईले काहून उघडं ठेवलं? हिले थंडी नाही वाजत?"

चाचा लाजले. "बनवणाऱ्याले इचार बेटा. मी फक्त वायरी जोडतो."

गेममधी एक काळा पहिलवान होता. नुसता गुरगुरे अन् शेवटी मार खाये.

पोट्ट्यायनं त्याले माहं नाव ठेवलं. "मारा रे वनिताले!"

मी काळी. तिथं हसून घेतलं, अन् मंग जाणंच सोडलं.

चार दिवसांनी चाचांनी शाळेच्या रस्त्यावर गाठलं. "काहून येत नाही?"

सांगतलं. सांगता सांगता रडली बी.

दुसऱ्या दिवशी त्यायनं मशीनचं मागचं झाकण खोललं अन् रंगाच्या दोन वायरी काढून टाकल्या.

बाप्पा! सारं हिरवं. बाई हिरवी, गोरे हिरवे, रगत बी हिरवं.

"आता सांगा, काळा कोण?"

पोट्टे बोंबलले. चाचांनी हप्ताभर वायरी लावल्या नाहीत. त्या हप्त्यात मी एकेकाले धुतलं.

आता मी पुण्यात गेमची कॅरेक्टर्स ड्रॉ करते.

मागच्या महिन्यात चाचांले फोन केला. "चाचा, व्हिलन काढला. पाह्यलं तं काळाकुट्ट. कोणी सांगतलं नव्हतं. माह्याच हातानं झालं."

मले वाटलं, चिडतीन.

ते म्हणे, "अन् त्या गेममधी तुह्यासारखी कोण हाये बेटा?"

कोणीच नव्हतं.

परवा काढली. माह्या रंगाची. कोणाची हिरोईन नाही, तीच हिरो.

ईदले घरी येऊन दाखवणार होती. फोनवर पाठवली नाही, म्हटलं समोर बसून त्यायचं तोंड पाहू.

पाठवून द्याले पाह्यजे होती. लय चुकलं माहं.

चाचा, अखेरचा सलाम. जय भीम.