मेणाचं अक्षर

मंडळी, मी सांगतेय आणि नात ईमेल टाइप करतेय. तिने मध्ये स्वतःचं काही घुसडलं तर मला कळायचं नाही.

आज इथे आमच्या बसवनगुडी भागात एका कोरियन पाहुण्याने मला नि नातीला जुनी छपाई दाखवली. मेणाचं अक्षर करायचं, त्याला माती लिंपायची, मेण वितळवून आत धातू ओतायचा. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे भिक्षू असे छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, करायचे म्हणे.

"अगं, हे तर माझ्या बापाचं काम!" मी ओरडलेच. तो ओतारी. अशाच घंटा ओतायचा, मेण मी मळायचे.

पाहुण्याने खिळा हातात दिला.

"आजी, उलटा धरलास," नात म्हणाली.

"सुलटा धरून काय वाचणार होते?"

हसलो दोघी. पण मेण, माती, भट्टी सगळं घरात होतं, मग एक अक्षर तेवढं माझ्यापर्यंत का नाही आलं? नातीला विचारलं, तर ती हेही टाइप करतेय.

तुम्हाला तरी कळतंय का?